गिटार-बेसचे स्ट्रॅप लॉक: निवड, बसवणी आणि देखभाल

इलेक्ट्रिक गिटारचं वजन साधारण साडेतीन किलो असतं, बेसचं चार ते पाच. उभं राहून वाजवताना हा सगळा भार बॉडीवरच्या, पट्टा अडकवायच्या दोन बटणांवर आणि पट्ट्याच्या कातड्यातल्या दोन भोकांवर येतो. भोक सैल झालं, वाजवताना पट्ट्याला पीळ पडला, की कातडं बटणाच्या कडेवरून सरकतं आणि गिटार खाली जाते. पडताना बहुतेक वेळा हेडस्टॉक (मानेचं टोक, जिथे तारा ताणायच्या खुंट्या असतात) आधी आपटतो. मागे झुकलेला हेडस्टॉक आणि महोगनीची मान असेल, तर नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) मागे चीर पडायला एक आपटी पुरते. तिथली दुरुस्ती स्ट्रॅप लॉकच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते.

म्हणून पट्टा बटणावर पक्का धरून ठेवणारा लॉक लावावाच. पण लॉक लावला की निर्धास्त झालो, असं मात्र समजू नका. लॉकची यंत्रणा स्वतःहून क्वचितच मोडते. सुटतात त्या तिच्या दोन बाजू: लाकडात गेलेला स्क्रू आणि लॉकचा तुकडा पट्ट्याला आवळणारा धातूचा नट. निवड, बसवणी आणि देखभाल या तिन्हींत खरं लक्ष या दोन जागांवर हवं.

कोणता प्रकार घ्यावा

सर्वांत साधा उपाय रबरी वॉशर. काही बिअरच्या बाटल्यांना तारेच्या झाकणाखाली असतात तशाच जाड रबरी चकत्या पट्टा लावल्यावर बटणावर चढवायच्या. फेंडर याच धर्तीच्या ‘स्ट्रॅप ब्लॉक्स’ विकते. पट्ट्याचं कातडं नवं आणि कडक असेल, गिटार हलकी असेल, तर घरच्या सरावाला आणि लहान कार्यक्रमाला हे पुरेसं आहे. भोक पाडायला नको, स्क्रू काढायला नको. रबर वर्षा-दोन वर्षांत कडक होऊन तडकतं, ते बदलायचं. मात्र गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर वाजवून झाल्यावर रबर काढून ठेवा. रबर आणि व्हिनाइल या लॅकरशी दीर्घकाळ चिकटून राहिले तर डाग पडतो, आणि तो पुसून जात नाही.

खऱ्या अर्थाने लॉक म्हणावेत असे दोन प्रकार सर्वाधिक चालतात.

पहिला शॅलरचा. जर्मनीच्या या कंपनीच्या रचनेत पट्ट्यावर घोड्याच्या नालेसारखा धातूचा तुकडा बसतो, त्याच्या मध्यावर स्प्रिंगवर चालणारी पिन असते. घुंडी ओढायची, नाल बटणाभोवती सरकवायची, घुंडी सोडायची. पिन बटणाच्या मधल्या खळग्यात जाऊन बसते. या रचनेचा मोठा गुण असा की पिन निकामी झाली तरी गिटारचा भार नालेवर टेकलेला राहतो आणि ती लगेच पडत नाही. जुन्या शॅलरमध्ये पट्ट्यावरचा तुकडा षट्कोनी नटने आवळलेला असतो आणि हा नट कंपनांनी सुटतो. ही त्या लॉकची जुनी आणि सर्वांना माहीत असलेली खोड आहे. कंपनीच्या नव्या ‘एस-लॉक’मध्ये नटऐवजी खाचांचं गोल चाक आहे आणि त्यात बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, आत बसणारा) आहे. तो आवळला की चाक फिरत नाही. आज नवा संच घेणार असाल तर एस-लॉकच घ्या.

दुसरा डनलॉपचा ‘स्ट्रॅपलॉक’. यात पट्ट्याच्या बाजूला एक दांडी असते, दांडीच्या टोकाशी बारीक छर्रे. मधलं बटण दाबलं की छर्रे आत जातात, दांडी गिटारवरच्या पोकळ बटणात शिरते, दाब सोडला की छर्रे बाहेर येऊन आतल्या खाचेत अडकतात. लावणं-काढणं एका हाताने होतं, त्यामुळे कार्यक्रमात दोन-तीन गिटार बदलणाऱ्यांना हा जास्त सोयीचा. त्याच्या ‘ड्युअल डिझाइन’ बटणाला बाहेरून कडा असते. लॉक घरी राहिला किंवा दुसऱ्याची गिटार वाजवायची वेळ आली, तर साधा पट्टाही त्यावर अडकतो. डनलॉपचा पूर्ण आत बसणारा प्रकारही मिळतो, पण त्यासाठी बॉडीत मोठं भोक पाडावं लागतं. ते काम घरी करू नका.

शॅलर की डनलॉप? जड बेससाठी आमचं मत शॅलरच्या बाजूने आहे, कारण नालेचा आधार. सतत गिटार बदलायच्या असतील तर डनलॉप. एकच गोष्ट कटाक्षाने पाळा: घरातल्या सगळ्या गिटारांना एकाच कंपनीची बटणं लावा. डनलॉपची दांडी शॅलरच्या बटणात बसत नाही. शॅलरची नक्कल असलेले संच शॅलरच्या बटणावर बसल्यासारखे वाटतात, पण पिन आणि खळगा यांत फट राहते, आणि नेमकी तीच धोक्याची आहे.

स्वस्त नकली संचांत तीन दोष वारंवार आढळतात. स्क्रूचं पोलाद इतकं मऊ असतं की मेपलमध्ये आवळताना डोकं तुटतं किंवा प्लसची खाच झिजते. पिन आखूड असते. स्प्रिंग नरम असते, आणि घुंडीला शर्टाची बाही अडकली तरी पिन बाहेर येते. दुकानात संच हातात घेऊन पट्ट्याचा तुकडा बटणावर चढवा आणि हलवून बघा. थोडी खडखड चालते. पण तिरका ओढल्यावर पिन खळग्याच्या कडेवर चढत असेल तर तो संच परत ठेवा.

डिमार्झिओचा ‘क्लिपलॉक’ पूर्ण वेगळा: पट्ट्याची टोकं स्क्रूने थेट बॉडीला पक्की होतात आणि मधे सॅकला असते तशी प्लास्टिकची क्लिप असते. निसटण्याची शक्यता जवळपास नाही, पण टोकं कायम गिटारला लटकत राहतात आणि पट्टा त्यांचाच वापरावा लागतो. फिरणाऱ्या प्लास्टिकच्या चकतीचे जे लॉक पट्ट्यावर बसतात, ते तात्पुरते ठीक. कडा झिजली की टाकून द्या.

बसवण्याआधी मोजमाप

पट्ट्याच्या टोकाच्या कातड्याची जाडी व्हर्नियरने मोजा. अडीच ते साडेतीन मिलिमीटर असेल तर सहसा अडचण येत नाही. दुपदरी शिवलेलं जाड कातडं असेल तर नटला पकडायला आटे उरत नाहीत. जुन्या पद्धतीचा षट्कोनी नट पूर्ण आवळल्यावर निदान एक आटा नटच्या बाहेर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर कातडं मागच्या बाजूने पातळ करावं लागेल. चांभार रापीने ते पाच मिनिटांत सोलून देतो, आणि हे काम त्याच्याकडूनच करून घ्यावं. घरी कटरने केलं की एका जागी फार पातळ होतं आणि तिथूनच फाटतं. रेक्झिनच्या टोकांचे पट्टे लॉकसाठी घेऊच नका. नटखाली रेक्झिन चुरगळतं आणि भोकाच्या कडेने तुटतं.

पट्ट्याचं भोक लॉकच्या कॉलरएवढंच (भोकातून जाणाऱ्या आट्यांच्या नळीएवढंच) हवं. लहान पडत असेल तर कात्रीने वाढवू नका. कॉलरचा व्यास मोजा आणि चांभाराकडच्या गोल पंचाने तेवढंच भोक पाडून घ्या. कात्रीच्या कापाला कोपरे राहतात, आणि फाटायला सुरुवात कोपऱ्यातूनच होते.

आता गिटारवरचा जुना स्क्रू काढा आणि नव्याच्या शेजारी धरा. पुष्कळ जण नेमकी हीच पायरी वगळतात. लॉकसोबत आलेला स्क्रू जुन्यापेक्षा बारीक असेल, तर तो जुन्या भोकात बोटाने ढकलूनही जाईल आणि वर नुसता आवळल्यासारखा भासेल. कसोटी सोपी आहे: नवा स्क्रू न फिरवता भोकात ढकलून बघा. आत गेला, तर भोक भरावं लागणार.

जुना स्क्रूच नव्या बटणात वापरता आला तर उत्तम. पण त्याचं डोकं बटणाच्या खळग्यात पूर्ण खाली बसलं पाहिजे. डोकं अर्धा मिलिमीटर जरी वर राहिलं तरी शॅलरची पिन अर्धवट बसते आणि डनलॉपची दांडी छर्रे उघडण्याइतकी खोल जात नाही. लॉक लागल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात लागलेला नसतो. डोक्याचा व्यास मोठा असेल तर स्क्रू ड्रिलच्या चकमध्ये पकडून फिरवा आणि डोक्याच्या कडेला बारीक कानस धरा. डोळ्यांवर चष्मा हवा. कानस डोक्याच्या वरच्या बाजूला लावू नका, नाहीतर प्लसची खाच उथळ होते.

लाकडाचं काम

भोक जरासं सैल असेल तर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या दोन-तीन दातकोरण्या भोकात ठोकायच्या, वाळल्यावर कापायच्या आणि स्क्रू घालायचा. हलक्या गिटारला हे काही काळ चालतं. बेसला किंवा पूर्ण आटे मेलेल्या भोकाला चालत नाही. तिथे लाकडी खुंटी बसवा.

जागेभोवती मास्किंग टेप लावा. सहा मिलिमीटरच्या बिटने पंचवीस ते तीस मिलिमीटर खोल, बॉडीला काटकोनात भोक घ्या. बिटवर टेपचा झेंडा लावला की खोली चुकत नाही. तेवढ्याच व्यासाची बीच किंवा मेपलची खुंटी घ्या. सागवान नको, त्याच्या नैसर्गिक तेलामुळे गोंद नीट धरत नाही. खुंटीच्या बाजूला कटरने एक उभी खाच पाडा म्हणजे जादा गोंद आणि हवा बाहेर येईल. फेव्हिकॉल एसएच भोकाच्या भिंतींना लावा, खुंटी हलकेच ठोका आणि चोवीस तास हात लावू नका. पावसाळ्यात दोन दिवस द्या. मग खुंटी पृष्ठभागाशी समतल कापा. ड्रिल बिट, खुंट्या, चांगल्या पोलादाचे स्क्रू हे सगळं पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. जाताना जुना स्क्रू नमुना म्हणून खिशात ठेवा.

साडेतीन मिलिमीटरच्या स्क्रूला बासवुड, पॉप्लरसारख्या मऊ लाकडात अडीच मिलिमीटरचं पायलट भोक (स्क्रूआधी पाडायचं बारीक भोक) घ्या. मेपल, अ‍ॅश किंवा बीचच्या खुंटीत २.८ मिलिमीटरचं. खुंटीत स्क्रू रेषांच्या दिशेने जातो, त्यामुळे पायलट लहान पडलं तर खुंटी उभी फाटते. बॉडीच्या मागच्या टोकाच्या बटणाचंही हेच: बहुतेक सॉलिड बॉडीत रेषा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून मागचा स्क्रू रेषांना समांतर जातो आणि आडव्या रेषांइतकी पकड त्याला मिळत नाही. मागचं बटण आधी सैल का होतं, त्याचं हे एक कारण.

स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण लावा. साबण लावायची सवय अनेकांना असते. साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो, तेव्हा तो टाळा. बॉडी आणि बटण यांच्यामध्ये फेल्टची चकती घाला, म्हणजे लॅकरला चरे पडत नाहीत. स्क्रू हाताने, डोक्याच्या खाचेत घट्ट बसणाऱ्या ड्रायव्हरने आवळा. बहुतेकांना दोन नंबरचा फिलिप्स लागतो. फेल्ट दबून बटण हलेनासं झालं की थांबा. त्यापुढचा पाव फेरा मऊ लाकडातले आटे मारतो.

गिब्सन एसजीसारख्या गिटारवर पुढचं बटण बॉडीच्या पाठीवर, मानेच्या बुंध्याशी असतं. तिथे स्क्रू बॉडीच्या जाडीतून जातो. लांब स्क्रू म्हणजे मजबूत, हा हिशेब इथे करू नका. जुन्या स्क्रूच्याच लांबीचा नवा घ्या.

पट्ट्याची बाजू

शॅलरची नाल कोणत्या दिशेने बसवायची यात फार गोंधळ होतो. गिटार गळ्यात असताना भार पट्ट्याला खांद्याकडे ओढतो. म्हणून नालेचं उघडं तोंड खांद्याकडे, म्हणजे पट्ट्याच्या लांबीकडे हवं, आणि बंद बाजू पट्ट्याच्या टोकाकडे. उलटी बसवली तर पिन सुटताच नाल बटणावरून सरळ निघून जाईल आणि या रचनेचा फायदाच संपेल.

कॉलर बॉडीच्या बाजूने भोकात घाला, बाहेरून वॉशर, मग नट किंवा चाक. षट्कोनी नट योग्य मापाच्या पान्याने आवळा, पकडीने नव्हे. पकडीने कडा गोल होतात आणि पुढच्या वेळी नट सुटत नाही. कातडं दाबाखाली हळूहळू चपटं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी घट्ट असलेला नट आठवड्याने सैल सापडणारच. सात-आठ दिवसांनी पुन्हा आवळा, आणि नंतरच आट्यांना निळं लॉकटाइट २४३ एक थेंब लावा. लाल लावू नका, ते उष्णतेशिवाय सुटत नाही. लॉकटाइट धातूवर धातू असेल तिथेच. लाकडाच्या स्क्रूला, कातड्याला किंवा प्लास्टिकला नाही. लॉकटाइट नसेल तर नट आणि आटे यांच्या सांध्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. ठिपक्याला चीर गेलेली दिसली की नट फिरलाय हे लांबूनही कळतं, म्हणून लॉकटाइट असलं तरी ठिपका द्यावा असंच आम्ही सुचवू. एस-लॉकच्या चाकाला हे काही नको. चाक हाताने घट्ट करा आणि ग्रब स्क्रू सोबत आलेल्या किल्लीने आवळा.

डनलॉपच्या पट्ट्याच्या तुकड्यावर खाचेत बसणारी धातूची रिंग असते. ती बसवताना उडून कुठेतरी जाते. दोन्ही हात पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून बसवा, म्हणजे उडाली तरी पिशवीतच राहील. रिंग खाचेत सगळीकडून बसली का, ते नखाने फिरून तपासा. एका बाजूने वर राहिलेली रिंग पहिल्या जोरदार हिसक्याला निघते.

झाल्यावर पलंगावर गादीच्या वर गिटार धरा. आधी एक बाजू, मग दुसरी, पट्टा हाताने जोरात ओढा, वेडावाकडा पिळा. डनलॉपचं बटण न दाबता ओढून बघा. शॅलरची घुंडी पूर्ण आत गेली आहे का ते बघा. काही मिलिमीटर बाहेर उभी असेल तर पिन खळग्यात नाही.

देखभाल

पुण्यात वर्षातून दोनदा नीट तपासणी करावी: जूनच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या आसपास. मार्च ते मे हवा कोरडी असते, लाकूड आकसतं आणि घट्ट असलेला स्क्रू पाव फेरा ढिला होतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फेल्ट ओल धरतो आणि त्याखाली स्क्रूचा गळा गंजतो. गणेशोत्सवाचे कार्यक्रम आणि फिरोदिया करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमी असतील तर हंगाम सुरू होण्याआधी एक फेरी वेगळी काढा.

तपासणीला दहा मिनिटं लागतात. बटण बोटांनी धरून हलवा. हललं तर आवळा, आवळूनही फिरतच राहिलं तर आटे गेलेत, खुंटीचं काम काढा. आटे नुसते भुसभुशीत झाले असतील तर स्क्रू काढून भोकात पातळ सायनोअ‍ॅक्रिलेटचे (फेव्हिक्विकसारख्या गोंदाचे) दोन थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या, मग मेण लावून स्क्रू परत घाला. लॅकरवर थेंब पडू देऊ नका आणि ओल्या गोंदात स्क्रू घालू नका, तो तिथेच चिकटेल. फेल्टची चकती काळवंडून पातळ झाली असेल तर बदला. स्क्रूवर लाल गंज दिसला तर स्क्रूच बदला. घासून परत लावण्यात काटकसर नाही.

पिन किंवा दाबाचं बटण अडखळत असेल तर कारण जवळपास नेहमी घाम आणि धूळ. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब, चार-पाच वेळा दाबा-सोडा आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. जास्त तेल धूळ ओढतं. खोबरेल तेल नको, ते थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होतं. छर्रे जागच्या जागी अडकले असतील, किंवा दाब सोडल्यावर सगळे सारखे बाहेर येत नसतील, तर तो तुकडा टाकून द्या. हा भाग दुरुस्त करण्याजोगा नाही.

कातड्याला पावसात बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात नको. नटभोवती कातड्याला बारीक चिरा किंवा भोक लांबट झालेलं दिसलं की पट्टा बदला, लॉक नव्या पट्ट्यावर चढवा.

गाडीवरून गिटार नेताना पट्टा काढूनच बॅगेत ठेवा. खड्डे आणि स्पीड ब्रेकरचे धक्के सतत बसत राहिले की लटकता तुकडा हलत राहतो आणि नट सुटतो. शिवाय धातूचा तुकडा बॉडीवर घासून लॅकरला खळगे पाडतो. हार्ड केसचं झाकण लावताना बॉडीच्या वरच्या शिंगाकडचं (मानेलगतच्या टोकदार भागाकडचं) बटण अस्तराला दाबत नाही ना, हेही बघा. लॉकचं बटण मूळच्यापेक्षा उंच असतं.

अकूस्टिकबद्दल थोडं

अकूस्टिकच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा निमुळती पिन नुसती दाबून बसवलेली असते. तिथे स्क्रूचा लॉक लागत नाही. पिकअप असेल तर त्या जागी वायर जोडायचा जॅक असतो आणि त्याच्या जाड गोल बटणावरून पट्टा सहज घसरतो. साधी रबरी चकती त्यावर ताणूनही बसत नाही. या जागेसाठी डॅडारिओचा ‘सिंचफिट’ मिळतो, तो जॅकच्या बटणाला पकडतो. जॅकचा नट सैल असेल तर तो आधी आवळा, नाहीतर पट्ट्याच्या ओढीने जॅक फिरतो आणि आतली वायर तुटते.

पुढच्या बाजूला, मानेच्या बुंध्याशी नवं बटण लावायचं असेल तर ते काम गिटारच्या कारागिराकडे द्या. बुंध्यात बोल्ट असतो की डव्हटेल जोड (एकात एक अडकवलेला लाकडी सांधा), हे बाहेरून दिसत नाही, आणि भोक एकदा पडलं की परत घेता येत नाही. तोपर्यंत हेडस्टॉकला, तारांच्या नटच्या मागे तारांखालून दोरी बांधणं पूर्ण सुरक्षित आहे. दोरी कापसाची जाड घ्या आणि गाठ दर महिन्याला नव्याने बांधा.